गोणपाटमधला चौथा

वाशीमला पंक संगीत होतं हे कोणाला खरं वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांचं सोडा, वाशीमच्याच लोकांना खरं वाटत नाही, आणि माझा राग या दुसऱ्या लोकांवर जास्त आहे. होतं म्हणजे होतं. आमच्या बँडचं नाव 'गोणपाट'. राजपाल गायचा, धनराज ड्रम बडवायचा, ऋषिकेश गिटार वाजवायचा आणि मी, उत्कर्ष, फोटो काढायचो. अख्ख्या जिल्ह्यात एकच बँड होता म्हणून लोक हसतात. वाशीमला रेल्वे स्टेशनही एकच आहे, त्याला कोणी हसत नाही.

ऋषिकेशला त्याच्या पुण्याच्या मावसभावानं एक इंग्रजी कॅसेट दिली होती. तिच्यातला एक शब्द आम्हाला कळला नाही. पण ती माणसं कशावर तरी भयंकर चिडलेली आहेत एवढं कळलं, आणि चिडायला आमच्याकडेही पुष्कळ होतं. लोडशेडिंगचे दिवस होते ते. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'लाइन दे', म्हणजे वीज दे. त्याचे शब्द 'लाइन दे, लाइन दे, लाइन दे बे' असे शेवटपर्यंत. अंगात तुरीचं पोतं, त्याला गळा आणि बाह्या कापलेल्या, वर आयांच्या साड्यांच्या पिना टोचलेल्या. डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मधले केस साबुदाण्याच्या खळीनं उभे करायचे. खळ वाळली की केस कडक व्हायचे आणि थोड्या वेळानं मुंग्या यायच्या. राजपाल स्टेजवर डोकं इतकं कसा झटकतो, याचं लोकांना फार कौतुक होतं.

आम्ही गणपतीत वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, मेडशीच्या जत्रेत वाजवलं. सगळीकडचे फोटो मी काढले, काकांच्या रोलच्या कॅमेऱ्यावर. सगळे मीच काढले, त्यामुळे एकातही मी नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता माझा बसस्टँडच्या मागे स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, सगळी कामं घेतो. लग्नसराईत दिवसभर माणसांना 'हसा, हसा' म्हणून माझाच जबडा दुखतो. गोणपाटच्या वेळी नियम उलटा होता, जो हसेल त्याचा फोटो नाही. हल्ली प्री-वेडिंग नावाचा प्रकार आला आहे. त्यात नवरी लांब झग्यात शेतातून पळते, नवरा तिच्या मागे पळतो आणि मी दोघांच्या पुढे कॅमेरा धरून उलटा पळतो. तूर कापल्यावर शेतात जे खुंट राहतात त्यांच्यावरून उलटं पळून दाखवा, मग माझ्या धंद्याला आरामाचा धंदा म्हणा.

माझ्या सामाजिक जीवनाबद्दल विचाराल तर मी जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत असतो आणि एकाचंही मला आमंत्रण नसतं. मला ओळखत नाही असं घर नाही, पण माझं नाव माहीत असलेली घरं शोधावी लागतील. सगळे 'ओ फोटोवाले' म्हणतात. जेवायला आचाऱ्यांच्या पंगतीत बसतो, तोवर जिलबी संपलेली असते. याचीही मी कधी तक्रार केली नाही. नीता, म्हणजे माझी बायको, म्हणते की रोज करतो, पण ती काहीही म्हणते.

तर गेल्या महिन्यात साक्षीचा फोन आला. साक्षी आमची एकुलती एक, पुण्याला पहिल्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. प्रत्येकानं आई-वडिलांचा तरुणपणचा एक फोटो लावायचा, ते लग्नाआधी कोण होते हे दाखवणारा.

"गोणपाटचा पाठवतो," मी म्हणालो. "मेडशीच्या बसथांब्यावरचा. एक नंबर फोटो आहे."

"त्याच्यात तुमी कुठी आहे?"

"बेटा, तो काढला मी."

"मंग ते राजपालकाकाचं पंक झालं. तुमचं काय?" मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पप्पा, राग नका मानू, पण मले वाटते तुमी तिकडे ऑर्डरवर गेले असान."

ऑर्डरवर, म्हणजे पैसे घेऊन फोटो काढायला. माझी पोटची पोर मला म्हणाली की मी गोणपाटमध्ये ऑर्डरवर गेलो असेन. मला इतका राग आला की मी फोन कापला, आणि मग इतकं वाईट वाटलं की दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. बाकी जग मला फोटोवाला म्हणतं, म्हणू दे. पण तिला तरी वाटायला पाहिजे ना, की बाप एके काळी कोणीतरी होता.

साक्षीदार म्हणून मी राजपालला फोन लावला. त्याचं मेडशीला खताबियाण्यांचं दुकान आहे.

"राजपाल, गोणपाटचे फोटो कोणी काढले सांग बरं."

"ते तं टायमर लावून काढले ना आपुन."

"काकाच्या कॅमेऱ्याले टायमर नव्हता बे."

"नव्हता? मंग कोन होतं तथी?"

मी धनराजला लावला. तो आता लग्नात डीजे वाजवतो, त्याची पिकअप गाडी आहे, म्हणजे वाद्यांच्या धंद्यात तरी राहिला. तो म्हणाला, "एक पोरगा यायचा बा फोटो काढाले. चांगला होता. काय नाव त्याचं?" मी म्हणालो, उत्कर्ष. तो म्हणाला, "हाव, तुयाच नावाचा होता."

ऋषिकेश कतारला असतो आणि फोन उचलत नाही. तेवढाच एक माझ्याबद्दल वाईट बोलला नाही.

मग मी ठरवलं. तोच फोटो पुन्हा काढायचा. तोच मेडशीचा बसथांबा, तीच पोती, तेच उभे केस, कॅमेरा तिवईवर ठेवून यावेळी मी मधे. दोघांना भरीस घालायला वेळ लागला नाही, कारण आमच्या वयात कोणी आपल्याला पोतं घाला म्हणत नाही. फक्त माझा प्रश्न होता. गोणपाटच्या केसांना बाजूला काही लागत नाही आणि मधे लागतात. माझे नेमके बाजूला उरलेत आणि मधले गेलेत. मी डोक्याला फडकं बांधायचं ठरवलं.

राजपाल उत्साही. त्यानं शनिवारीच न्हाव्याकडे जाऊन दोन्ही बाजू साफ करून घेतल्या, मधे चार बोटं पट्टा ठेवला. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, सपनानं, कपाळावर हात मारून घेतला. राजपालचे आई-वडील, म्हणजे उदयसिंगकाका आणि रुपाबाई, तेव्हा इंझोरीला लेकीकडे गेले होते, नाहीतर प्रकरण तिथंच मिटलं असतं. सपना म्हणाली, हे ध्यान उघड्या डोक्यानं दुकानात जाणार नाही. तिनं सासऱ्याची पांढरी टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. उभा पट्टा टोपीत गेला. बाहेर राहिल्या त्या कानांवरच्या दोन गुळगुळीत बाजू.

आता आमच्यात, बौद्धांत, कोणी गेलं तर डोकं करत नाहीत, त्यामुळे हे माझ्या लक्षात आलं नाही. पण राजपालच्या लक्षात यायला काय झालं होतं? त्यांच्यात बाप गेला की पोरगा डोकं भादरतो आणि वर पांढरी टोपी घालतो. म्हातारे आई-बाप बाहेरगावी गेलेले, आणि मुलगा त्याच दिवशी गल्ल्यावर असा बसलेला. शिवाय त्यांच्याकडे दुसरीही एक रीत आहे, की अशा माणसाला तोंडानं काही विचारायचं नाही. खांद्यावर हात ठेवायचा आणि गप्प बसायचं. तर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक राजपालच्या खांद्यावर हात ठेवून गप्प बसायला लागलं. राजपालला वाटलं, लोकांना आपल्या केसांचं वाईट वाटतंय. तोही उसासा सोडून म्हणायचा, "काय करता, दोस्तासाठी करा लागते."

गावानं ऐकलं ते असं, की बाप जाऊनही पोरगा एका दोस्ताच्या नडीसाठी दुकान उघडून बसला. गाव गहिवरलं.

रविवारी सकाळी मी आणि धनराज पोती घालून पिकअपमधून मेडशीला निघालो. धनराजची खळ वाळली होती, त्यामुळे तो मान वाकडी करून गाडी चालवत होता. मी मोबाइल पाहत होतो, आणि समोर उदयसिंगकाका आले. गुलाबी फेटा, मागे फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मेडशीच्या कोणीतरी स्टेटसला ठेवलं होतं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार काकांचा आला नाही. फोटो माझा होता. त्यांच्या नातीच्या लग्नातला. खालच्या कोपऱ्यातलं माझ्या स्टुडिओचं नाव कापून टाकलं होतं. नाव कापलं, हे माझ्या डोक्यात आलं, आणि मग काका गेले हे आलं, आणि मग मला माझीच लाज वाटली. धनराजनं गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं रडलो. राजपालनं फोटोसाठी डोकं केलं आणि दुसऱ्याच दिवशी खरंच करायची पाळी आली, असा कसा योग म्हणून धनराज फारच हळहळला.

राजपालच्या घरापुढे माणसं मावत नव्हती. धनराजनं उभ्या केसांवर गाडीतला टॉवेल टाकला, पण पोतं काढायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. कोणी हसलं नाही. दुःखात माणूस काय घालतो याला अर्थ नसतो. ओट्यावर पुरुष गप्प बसले होते. आत बायका सपनाला धरून रडत होत्या. सपना कालपासून राजपालशी बोलत नव्हती आणि दारात पदर तोंडावर घेऊन बसली होती. पहिली बाई गळ्यात पडली तेव्हा तिला वाटलं, कोणाला तरी माझं दुःख कळलं. ती हुंदके देत म्हणत होती, "काल सकाळी चांगले होते वो. माया डोळ्यासमोर असं झालं." शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, कारण अशा घरात चूल पेटवत नाहीत.

राजपाल टोपी घालून मधे बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, गोंधळ होता. मला पाहून तो कानाशी आला. "उत्कर्ष, लोकं फोटो पाह्यले एवढे जमले काय बे? कोनी काही बोलूनच नाई राह्यलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो. रीत ती रीत.

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली, आणि उदयसिंगकाका पिशवी घेऊन उतरले. मागे रुपाबाई. घरापुढची गर्दी पाहून काका जागच्या जागी उभे राहिले. आपल्या घरी काहीतरी झालं, एवढंच त्यांना कळलं. पिशवी छातीशी धरून ते ओट्याच्या टोकाला येऊन बसले. लोक माना खाली घालून बसले होते, वर कोणी पाहत नव्हतं. काकांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

तो मान खाली घालूनच म्हणाला, "उदयसिंगभाऊ. इंझोरीले गेल्ते, तथीच आटोपलं. दिलानं साफ मानूस, पन चिडका लय."

"चिडका कोन बे?" काका म्हणाले.

पुढचा गोंधळ सांगत बसत नाही. बायका आतून बाहेर आल्या आणि बाहेरून आत गेल्या. एक जण काकांना पाहून पळाला तो दुपारपर्यंत सापडला नाही. रुपाबाईंनी आधी नवऱ्याच्या हाताला चिमटा काढून पाहिला आणि मग राजपालची टोपी काढली. चार बोटांचा पट्टा टुणकन उभा राहिला. सगळं गाव त्या पट्ट्याकडे पाहत होतं.

"हे काहून केलं?" काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच राजपाल दोन पावलं मागे सरला.

"म्या नाई, बा. यानं सांगतलं." राजपालनं माझ्याकडे बोट केलं. गोणपाटमध्ये असंच होतं, काही फुटलं की एकमेकांकडे बोट. "याच्या पोरीले वाटते का हा आपल्या बँडमधी नव्हताच. तिले पुरावा पाह्यजे म्हने."

काका माझ्याकडे वळले. पोतं, डोक्याला फडकं, पिना. बराच वेळ पाहिलं. मी मान खाली घातली.

"पुरावा पाह्यजे? लाव पोरीले फोन," ते म्हणाले.

"काका, जाऊ द्या ना."

"लाव म्हनतो ना बे."

लोक घरी जायचे सोडून परत खाली बसले. पिठलं-भाकरी होतीच, कोणीतरी ती वाढायला घेतली. मी साक्षीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती आली, मला पोत्यात पाहून तिचे डोळे मोठे झाले, आणि काकांनी माझ्या हातातून मोबाइल घेऊन नाकाशी धरला.

"पोरी, मी राजपालचा बा. मेडशीच्या जत्रेत या पोरायचं गानं होतं. पोरगं पोतं घालून नाचून राह्यलं असं मले गावातून कोनी सांगतलं. मी बैलाची काठी घेऊन निंगालो. ते वरतून बोंबलत होते, लाइन दे, लाइन दे, अन् नेमकी लाइन गेली. सारा अंधार. मी स्टेजवर चढलो, तं सारे पळाले. माया पोरगा पहिले पळाला. एक जन खाली वाकून बसला होता, त्याले म्या ठेवून देल्ली. दनकून देल्ली."

ओट्यावर कोणी घास चावत नव्हतं.

"बॅटरी लावून पाह्यलं तं हा," काका म्हणाले. "तुया बाप. पोटाखाली कॅमेरा दाबून बसला होता, कोनाच्या पायाखाली येऊ नये म्हनून. सारे गेले, हा नाई गेला. मले एवढी लाज वाटली का मी बॅटरी बंद केली अन् घरी आलो. कोनाले सांगतलं नाई. मंग आमच्या घरातलं एकबी लगन दुसऱ्या फोटोवाल्याले देल्लं नाई."

त्या फटक्याचा व्रण माझ्या पाठीवर आहे. मी तो घरी पोलिसांचा म्हणून सांगत आलो होतो, आणि अभिमानानं सांगत आलो होतो. तो राजपालच्या वडिलांचा निघाला, आणि तोही राजपालच्या वाटचा. तरी मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसत होतं. इतक्या वर्षांत कोणीतरी म्हणालं, की हा तिथं होता.

"बे, तू होता काय?" धनराज म्हणाला. "तो तू होता?"

साक्षी पडद्याच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "आजोबा, पप्पाले फिरवा जरा. पाठ दाखवा."

"पाठ कायले आता?"

"दाखवा ना."

काकांनी मोबाइल रुपाबाईंच्या हातात दिला, मला खांदा धरून वळवलं आणि पोतं वर केलं. भर ओट्यावर, अख्ख्या गावासमोर. त्यांचं बोट पाठीवर नेमकं जागेवर पडलं, त्यांना जागा अजून पाठ होती. राजपाल मधे घुसला, धनराजचा टॉवेल पडला, मागून कोणीतरी भाकरीसकट डोकावलं. मी म्हणालो, तिवई गाडीत आहे, एक मिनिट थांबा, उजेड मागून येतोय. साक्षी म्हणाली, "हलू नका पप्पा," आणि मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हे वाक्य म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं प्रदर्शनातला फोटो पाठवला. मोबाइलच्या पडद्यावरून घेतलेला, फुटलेला, वाकडा. उजेडाची पूर्ण वाट लागलेली. मी स्टुडिओत असा फोटो काढला तर लोक पुन्हा दारात उभं करणार नाहीत. मधे माझी पाठ, तिच्यावर काकांचं बोट, बाजूला राजपालचा पट्टा आणि धनराजचे अर्धे केस. कोणीही हसत नव्हतं. खाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'गोणपाट, मेडशी. डावीकडून राजपालकाका, पप्पा, धनराजकाका. फोटो: साक्षी. फटका: उदयसिंग आजोबा.'

मी तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. नीतानं येऊन तो नीट पाहिला आणि म्हणाली, तुमचं तोंड कुठी दिसते याच्यात? मी म्हणालो, त्याची गरज नाही, खाली नाव आहे.